निळा टॉप, नेमेसिस आणि काकूंची डोंबिवली

"काय गं, काल रात्री तुमच्या खिडकीतून कोण ओरडत होतं? 'स्टार्स, स्टार्स' करून? ह्यांची झोपमोड झाली ना!"

काकूंचं बैठं घर आणि आमची सोसायटी यांच्यामध्ये एक कंपाउंडची भिंत. मेट्रोच्या कामाची धूळ बसते म्हणून काकू वाळलेला एकेक कपडा दोनदा झटकतात, आणि तेवढ्या वेळात ठाण्याच्या आमच्या बाळकुम नाक्यापासून पाड्यापर्यंतच्या बातम्या इकडून तिकडे होतात.

"तो नेमेसिस, काकू. भाऊ आलाय ना माझा, त्याने 'रेझिडेंट ईव्हिल 3' लावला होता. 1999 चा गेम."

"इतक्या वर्षांपूर्वीचं भूत अजून ओरडतंय?"

"भूत नाही हो. अम्ब्रेला नावाच्या औषध कंपनीने बनवलेला राक्षस. स्टार्स म्हणजे पोलिसांचं खास पथक. त्यातल्या उरल्यासुरल्यांना शोधून मारायचं, एवढंच त्याच्या डोक्यात भरलंय. जिल व्हॅलेंटाइन त्याच पथकातली. म्हणून तो तिच्या मागे."

"हा सिनेमा मी बघितलाय की! केबलवर सारखा लागायचा. ती बाई बिल्डिंगवरून सरळ खाली धावत येते."

"तो 'रेझिडेंट ईव्हिल: अपोकॅलिप्स'. 2004 चा, दुसरा भाग. आणि ती जिल नव्हे. ती अ‍ॅलिस, मिला जोवोविच. अ‍ॅलिस कुठल्याच गेममध्ये नाही."

काकू थांबल्या. "म्हणजे लग्न एकीचं आणि वरातीत मिरवते भलतीच?"

अगदी तेच. बरं, जिल सिनेमात नाही म्हणावं तर तसंही नाही. सिएना गिलरीने गेममधला तो निळा टॉप, तो काळा स्कर्ट, सगळं हुबेहूब घातलंय. शहर तेच, रॅकून सिटी. जिलला साथ देणारा कार्लोस आहे, आधीच्या गेममधले लांब जिभेचे लिकर आहेत, खांद्यावर रॉकेट लाँचर घेतलेला नेमेसिस आहे, शेवटी शहर उडवतातही. भावाच्या पिढीने थिएटरात शिट्ट्या मारल्या असणार. पण अ‍ॅलिस चर्चच्या रंगीत काचा फोडून मोटारसायकलवरून आत येते आणि बघता बघता लिकरांचा निकाल लावते. आतापर्यंत जीव मुठीत धरून लढलेली जिल बाजूला उभी. पाहुणीसारखी!

"आणि तो राक्षस?"

"त्याचं तर विचारूच नका. पहिल्या भागातला मॅट नावाचा माणूस, त्यालाच कापूनजोडून नेमेसिस केलंय. त्याला आणि अ‍ॅलिसला हाणामारी करायला लावतात, मग त्याला जुनी ओळख पटते आणि तो कंपनीवरच उलटतो."

"अगंबाई! बिचारा!"

हे 'बिचारा'च मला खटकतं. गेममधला नेमेसिस बिचारा नाही. पोलीस स्टेशनच्या एका बोळातून तुम्ही चाललेले असता आणि तो खिडकी फोडून आत पडतो. आधीच्या गेममध्ये दार ओलांडलं की हुश्श करायची सवय लागलेली. पडदा काळा व्हायचा, एक दार हळूच उघडायचं, आणि मागचं मागे राहायचं. खरं तर तोवर मशीन पुढची खोली भरून घ्यायचं. तिसऱ्या गेममध्ये मात्र दार उघडून पलीकडे जावं तर तो पाठोपाठ हजर. काल भाऊ खुर्चीवरून उडाला. त्याला तो गेम पाठ आहे, तरी.

"मग गोळ्या घालायच्या की."

"गोळ्या कुठे आहेत, काकू? मोजक्या. सोबत ठेवायच्या वस्तूही मोजक्या. औषध घ्यायचं तर काडतुसं टाका. खेळ जतन करायला टाइपरायटर शोधायचा, आणि त्यात घालायला शाईची फीत लागते. तीही उधळून चालत नाही."

"टंचाई," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी बाहेर ठेवलेल्या पाण्याच्या पिंपाकडे बघितलं.

मला त्या सिनेमाबद्दल जे म्हणायचं होतं ते त्यांनी एका शब्दात उरकलं. अ‍ॅलिसला कशाचीच टंचाई नाही. गोळ्या संपत नाहीत, हाडं मोडत नाहीत, वर कंपनीने अंगात विषाणू घालून ताकद दिलेली. मग भिणार कोण? पटकथा पॉल अँडरसनची, दिग्दर्शक अलेक्झांडर विट. धंदा चांगला झाला, पुढे आणखी भाग निघाले. त्याआधी पहिल्या सिनेमासाठी झोंबीपटांचा आद्यपुरुष जॉर्ज रोमेरो याने पटकथा लिहून दिली होती. ती नाकारली.

"जाणत्याला आधी बाजूला सारायचं, सगळीकडे तेच," काकूंनी चादरीची घडी घातली. "आणि ऐक, आमच्या डोंबिवलीचा बघितलास का?"

काकूंचं माहेर डोंबिवली. तिथला झोंबीपट 'झोंबिवली' 26 जानेवारी 2022 ला आला तेव्हा त्यांनी जाऊन पाहिला, आणि त्याचा दिग्दर्शक आदित्य सरपोतदार याने पुढे 'मुंज्या' केला तर जणू भाच्याचं नाव झालं. टॉवरमध्ये राहायला आलेला अमेय वाघ, त्याची गरोदर बायको वैदेही परशुरामी, आणि शेजारच्या जनता नगरात पाण्यासाठी भांडणारा ललित प्रभाकर. टॉवरला पाणी, वस्तीला नाही. झोंबी यायच्या आधीपासून तिथे काहीतरी कमी आहेच. ह्या सिनेमामागे गेमबिम काही नाही, तरी त्यात गेमचा कणा आहे, टंचाई. 'अपोकॅलिप्स'मध्ये पुलावरचं फाटक लावून अख्खं शहर आत कोंडतात, तेवढ्या एका प्रसंगात ही अडचण जाणवते. कोविडच्या काळात आमच्या इथल्या ग्लोबल हबच्या हॉस्पिटलकडे रात्रंदिवस अँब्युलन्स जायच्या तेव्हा मला तो आठवायचा.

"मग 'झोंबिवली'वरच गेम काढा की," काकू म्हणाल्या. "गोळ्यांऐवजी हंडे."

"आणि खेळ जतन कुठे करायचा?"

"नळावर. पाणी आलं तरच."

"हिरॉईन कोण?"

"तुझी ती जिलच घे. कामाची दिसते पोरगी. फक्त अंगभर कपडे घाल तिला, आणि त्या उड्या मारणाऱ्या बाईला आत घेऊ नको."