लखनौची एक मिनिटाची आंधी

हवामानशास्त्र शिकतो हे आगगाडीत कुणाला सांगू नये. गडगडाटी वादळांच्या परिषदेला निघालेली आमची टोळी कल्याणला पुष्पक एक्सप्रेसमध्ये चढली आणि भुसावळपर्यंत डबाभर बातमी झाली. मग झाशीपर्यंत प्रत्येकाने आपापल्या गावचा पाऊस विचारून घेतला. लखनौचे एक चाचा तर पत्त्यावरच अडले. पुण्यात राहता, मग सिमला ऑफिसजवळ कसे? 1928 साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, नाव चौकाला चिकटलं, हे समजावण्यात उन्नाव गेलं. "तो शिमलावाले अब मौसम किससे पूछते हैं?" यावर आम्ही चहा मागवला.

पहिलंच व्याख्यान गारपिटीचं. 30 एप्रिल 1888 रोजी याच प्रांतात मुरादाबादला गारपिटीने 246 माणसं मेली. जागतिक हवामान संघटनेच्या यादीत आजही तोच आकडा सर्वांत वर आहे. सभागृह गप्प झालं. गारा संत्र्याएवढ्या होत्या, असं वक्ते म्हणाले तेव्हा आमची नागपूरकर मैत्रीण मात्र पुटपुटली, "संत्रं कुठलं, ते नोंदवायला नको?"

दुपारी पडद्यावर सूचना झळकली: गडगडाट ऐकू येताच घरात शिरा. तेवढ्यात बाहेर खरोखरच गडगडलं. खिडकीबाहेर आभाळ पिवळं पडलं, आंधी आली आणि सूचना वाचून दाखवणाऱ्या वक्त्यांसकट अख्खी परिषद दाराकडे धावली. दारात दोन स्थानिक प्राध्यापक 'पहले आप' करत उभे. आंधीला ही तहजीब ठाऊक नसावी. ती थेट आत आली आणि स्वागताचा फलक घेऊन गेली.

पुढचा वाद धुळीने भरलेल्या तोंडांनी झाला. वाऱ्याचा वेग एकदम निदान 16 नॉटनी वाढावा, 22 नॉटवर पोचावा आणि निदान एक मिनिट टिकावा, तरच तो शास्त्राप्रमाणे स्क्वॉल. झाड आडवं झालं होतं, पण घड्याळ कुणी लावलं नव्हतं! आमच्या मते स्क्वॉल, कानपूरकरांच्या मते नुसता झोत.

मलिहाबादला आमराई असलेला परिषदेचा टॅक्सीवाला यात पडला नाही. तो फोनवर पडलेल्या कैऱ्या मोजून घेत होता.

वाचकहो, मलिहाबादचा दशहरी जूनमध्ये तयार होतो. मे महिन्यात लखनौला कुणी स्वस्तात आंबा देऊ लागला, तर तो बहुधा आंधीनेच उतरवलेला असतो. लोणच्यासाठी खुशाल घ्या.