धरायचा की सोडायचा?

कोकणात वाडीवाडीला एक मोजणारा माणूस असतो. एसटीतून कोण उतरलं, कुणाच्या दाराला कुलूप लागलं, कुणाची सून बाळंतपणाला गेली ती अजून आली नाही, सगळा हिशेब त्याच्याकडे चोख. त्याला कुणी नेमलेलं नसतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीत हे खातं तात्यांकडे आहे.

तात्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. १९७१ ते २००१, अशा चार जनगणना त्यांनी प्रगणक म्हणून घाट्या चढून-उतरून केल्या. बाकीच्या गुरुजींना ही वेठ वाटायची. तात्यांना मात्र ती अशी मानवली की दोन जनगणनांच्या मधली दहा वर्षं सुनी जायला लागली. मग त्यांनी स्वतःची वही घातली. वाडीत राहतो तो शाईनं, मुंबईला गेलेला पेन्सिलीनं, वारलेला लाल शाईनं. पेन्सिल अशासाठी की माणूस परत आला की वरून शाई फिरवता यावी. मी गेली कित्येक वर्षं पेन्सिलीत आहे. डोंबिवलीत कर्ज काढून फ्लॅट घेतला, तरी तात्यांच्या लेखी मी जरा बाजारात गेलोय.

कुणाचाही विषय निघाला की त्यांचा प्रश्न ठरलेला : "धरायचा की सोडायचा?" आणि उत्तरही त्यांचंच : "धरू या. राहू दे."

तसं सूत्र सोपं. मागच्या आकड्यात जन्म मिळवा, मृत्यू वजा करा, आलेले मिळवा, गेलेले वजा करा. पण नोंद होते ती जिथे घटना घडली तिथे. आमच्याकडची बाळं जन्मतात रत्नागिरीच्या दवाखान्यात नाहीतर आईच्या माहेरी. म्हातारी माणसं उपचाराला मुलाकडे मुंबईला जातात आणि तिकडेच आटोपतात. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या दप्तरावर विश्वास ठेवला तर आमच्या वाडीत कुणी जन्मत नाही आणि सहसा कुणी मरतही नाही. "अमर वाडी!" तात्या कपाळाला हात लावतात.

२००१ साली रत्नागिरी जिल्हा होता १६,९६,७७७. २०११ ला झाला १६,१५,०६९. हे आकडे तात्यांना रामरक्षेसारखे पाठ आहेत. राज्याची लोकसंख्या त्या दहा वर्षांत सोळा टक्के वाढली आणि आमची ८१,७०८ माणसं कमी. सिंधुदुर्गाचीही घटली. तात्यांनी गुन्हेगारही शोधून ठेवलाय : ठाणे जिल्हा. तो त्याच काळात ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. "आमची माणसं ठाण्यानं गिळली," असं म्हणून ते माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, जणू घास मीच भरवला. मी सांगतो, तात्या, खुद्द मुंबई शहर जिल्ह्यातलीही अडीच लाख माणसं त्या दहा वर्षांत कमी झाली. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, लालबाग-परळचा माणूस डोंबिवली-विरारला सरकला. मुंबईलाही गळती लागली हे ऐकून त्यांना जरा बरं वाटतं.

मग ते दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया हा जिल्ह्याचा आकडा कौतुकानं सांगायला घेतात. काकू स्वयंपाकघरातून सुनावतात, "कौतुक कसलं? बाप्ये मुंबईला, नि शेण-गोठा-लावणी आम्हाला!"

२०११ ला तात्या निवृत्त होते, पण गप्प बसतात कसले. नव्या प्रगणक बाई घरोघर फिरत होत्या आणि हे पाठोपाठ. शेजारचा पोरगा गोरेगावला नोकरीला. तात्या म्हणाले, धरा. बाई म्हणाल्या, "गुरुजी, तो मुंबईत मोजला जाईल." तात्या उसळले. "कोण मोजतंय? सकाळी सातला घर सोडतो, रात्री अकराला येतो. तुमच्या माणसाला तिथे कुलूप दिसणार, तुम्हाला इथे माणूस दिसत नाही. मग पोरगा गेला कुठे?" बाईंनी धरला नाही. तात्यांनी वहीत धरला.

त्यांची खरी तक्रार तारखेवर. गणनेचा क्षण १ मार्चची मध्यरात्र आणि शिमगा त्यानंतर. "तीन आठवडे थांबले असते तर पालखीला आख्खी वाडी हजर होती!" म्हणून त्यांची स्वतःची गणना गणपतीत, आरतीच्या वेळी, दारातल्या चपला मोजून आणि दोनानं भागून. एकदा आकडा विषम आला. तात्यांनी झांजा खाली ठेवल्या आणि विजेरी घेऊन अंगणात उतरले. मंत्रपुष्पांजली खोळंबली. हरवलेली चप्पल कुत्र्यानं माडाखाली नेली होती. ती जागेवर आणून ठेवल्यावरच देवे म्हटले गेले.

२०२० चा मे महिना मात्र त्यांनी भोगला. चाकरमानी गावी पळाले आणि शाळेत विलगीकरणात बसले. तात्या बाहेर गडग्यापाशी उभे राहून एकेकाला मास्क खाली करायला लावायचे आणि वहीत पेन्सिलीवर शाई फिरवायचे. दिवाळीपर्यंत सगळे परत गेले. शाई राहिली. "खोडाखोड केलेलं दप्तर ग्राह्य धरत नाहीत," असं म्हणून त्यांनी ती तशीच ठेवलीय. २०२१ ची जनगणना कोरोनानं पुढे गेली ती गेलीच. त्यामुळे वाडी भरलेली आहे की ओस, याचा वाद घालायला तात्यांच्या वहीशिवाय कागद नाही, आणि तात्यांच्या वहीत वाडी गच्च भरलेली.

रिकामी झालेली जागा आणखी एका बाजूनं भरते आहे. आंब्याच्या बागेत नेपाळी कुटुंबं राखणीला येतात. गावकरी त्यांना 'गुरखा' म्हणून मोकळे होतात. तात्यांनी एकेकाचं नाव, वय, गाव विचारून शाईनं लिहिलंय. त्यांच्यातली एक मुलगी शाळेत जाते. शाळेचा पट असा की ती पावसाळ्याआधी आईबापांबरोबर गेली की मास्तर कासावीस होतात. "ही धरायचीच," तात्या म्हणतात. इथे प्रश्नसुद्धा विचारत नाहीत.

आता नव्या जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाल्यापासून तात्यांचे फोन सुरू आहेत. होळी पुन्हा तीनेक आठवड्यांनीच, याचा निषेध नोंदवून झाला. या खेपेला आपली माहिती आपणच मोबाईलवर भरता येणार, हे कळल्यावर तर त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बघ, तुझ्या हातात आहे. फेब्रुवारीत रजा टाक. सूनबाईलाही आण. दोन आकडे वाढतील."

मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "छे, मला माझ्या आजीनं साताऱ्यात केव्हाच धरून ठेवलंय."

हे तात्यांना कळवलं. फोनवर थोडा वेळ पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "असं कसं? लग्न होऊन इकडे आली ना? म्हातारीला सांग, आधी नाव कमी केल्याचा दाखला पाठव."