टोपी घाल, टोपी काढ

जुन्नरच्या स्टँडवर तान्हं मूल घेऊन एसटीत चढावं आणि नारायणगाव येईपर्यंत गप्प बसून राहावं. शिवनेरी खिडकीतून मागे सरकते न सरकते तोच पहिला सल्ला येतो, "टोपी घाल गं लेकराला, वारं लागतंय." टोपी घालावी तर मागच्या बाकावरून, "केवढं उकडतंय, काढ ती टोपी." तिसरी बाई कुणालाच न विचारता बाळाचे तळपाय चाचपते आणि "गार पडलेत" असा निकाल देऊन मोकळी होते. कंडक्टर उरलेले सुट्टे पैसे परत करता करता आपल्या धाकट्याला दात येताना काय काय झालं ते सांगून जातो. नारायणगावला उतरताना आईच्या काखेत मूल, खांद्याला पिशवी आणि डोक्यात चार एकमेकांशी भांडणारे सल्ले असतात. मूल चढताना रडत होतं तसंच उतरतानाही रडत असतं. आईला मात्र मध्ये रडायला सवड मिळालेली नसते.

मला हा प्रकार आवडतो, हे आधीच सांगून टाकते. शहरातल्या माझ्या मैत्रिणी सल्ल्यांना वैतागतात आणि रात्री अडीच वाजता मोबाइलवर बाळाच्या उचकीचा उपाय शोधत बसतात. मोबाइल उपाय सांगतो, नाही असं नाही. पण तळपाय चाचपत नाही.

आमच्या आळीतल्या सल्ल्यांत वसईची भर पडली ती शेजारी राहायला आलेल्या एका कुटुंबामुळे. नवरा बँकेत, बदली होऊन आलेला. बायको वसईची, कॅथलिक, केळीच्या वाडीत वाढलेली. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला ताई म्हणतात. सासूबाई सुरुवातीला त्यांना "ती वसईवाली" म्हणायच्या, आता "आपली वसईवाली" म्हणतात. या बढतीला बिअरच्या बाटल्या कारण झाल्या.

सामान लावायला हातभार म्हणून सासूबाई त्यांच्याकडे गेल्या आणि स्वयंपाकघराच्या फळीवर तपकिरी बाटल्यांची रांग बघून आल्या पावली परतल्या. दिवेलागणीपर्यंत त्यांनी त्या संसाराची काळजी वाहिली. शेवटी वहिनींनीच एक बाटली आणून, बूच काढून, त्यांच्या नाकाखाली धरली. आत मसाला! वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस आणि बरंच काही वाळवून, भाजून, कुटून पावसाळ्याआधी बाटल्यांत ठासून भरतात. गडद काचेतून उजेड आत शिरत नाही, म्हणून रंग आणि वास वर्षभर टिकतो. बॉटल मसाला हे नाव त्यावरूनच पडलं. सासूबाईंनी वास घेतला, दोनदा शिंकल्या आणि उधारी न ठेवता जागच्या जागी परतफेड केली, "आम्ही कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीत वर हिंगाचे खडे ठेवतो. अळी फिरकत नाही."

मग कुंपणावरून देवघेव सुरू झाली ती झालीच. तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला, तूरडाळीला एरंडेलाचा हात, मासवडीचं शिजलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं म्हणजे गुंडाळताना फाटत नाही, हे इकडून तिकडे गेलं. मासळी साफ केल्यावर हाताला बेसन आणि लिंबाची साल चोळायची, हे तिकडून इकडे आलं. टोमॅटोचं काय करायचं हा प्रश्न दोन्ही घरांना सारखाच, कारण नारायणगावच्या बाजारात भाव पडला की टोमॅटो कुणी ना कुणी दारात आणून ओततंच. (2023 च्या जुलैत भाव असा चढला की सासूबाई टोमॅटो कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावायच्या. तेव्हा कुणीही युक्ती विचारली नाही.)

एकत्र मटणाचा बेत मात्र अजून नीट जमलेला नाही. आमचा श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, सासूबाईंचा सोमवार आणि चतुर्थी. त्यांचे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे उपवासाचे दिवस आणि त्यातले शुक्रवार. दोन्ही घरांच्या देवांनी एकदमच सुट्टी द्यावी असा रविवार शोधायला पंचांग आणि चर्चचं कॅलेंडर शेजारीशेजारी मांडून बसावं लागतं.

खरी गंमत हरवलेल्या वस्तूंची. माझ्या माहेरी काही हरवलं की आजी कार्तवीर्याचा श्लोक म्हणायला लावायची. सहस्रबाहू अर्जुन, हजार हात, त्याला सापडणारच. वहिनींकडे हे खातं संत अंतोनींकडे आहे. ते लिस्बनचे, तेराव्या शतकात इटलीत पादुआला वारले. त्यांची स्तोत्रांची पोथी मठातला एक शिकाऊ घेऊन पळाला होता. त्यांनी प्रार्थना केली आणि तो स्वतः होऊन परत घेऊन आला. तेव्हापासून जगभरातल्या कॅथलिक आया चष्मा, किल्ली, एका पायातला मोजा आणि मुलाची मार्कलिस्ट त्यांच्याकडेच मागतात. वहिनींच्या भिंतीवर त्यांची तसबीर आहे. संतांच्या कडेवर बाळ येशू.

सासूबाईंनी ती बराच वेळ न्याहाळली. म्हणाल्या, "आमच्याकडे हजार हातांचा आहे. पण हा खरा. पोर कडेवर घेऊन घरातली वस्तू हुडकणारा पुरुष मी अजून पाह्यला नाय." त्या दिवसापासून आमच्या घरात काही हरवलं की दोन्हीकडे अर्ज जातो. वस्तू बहुतेक वेळा फ्रिजवर सापडते, त्यामुळे श्रेय कुणाचं यावर वाद होत नाही.

गुटीचं प्रकरण जरा नाजूक. वहिनींना मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी माळ्यावरून सहाण काढली. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिमेच्या डोंगरांत उन्हाळ्यात महादेव कोळी आणि ठाकर मंडळी बाळहिरडा गोळा करून वाळवतात. फळ पोसायच्या आधीच काढलेलं असतं ते, काळं, सुरकुतलेलं, औषधवाल्यांकडे जाणारं. जुने वैद्य तर म्हणायचे, ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हिरडा. अशी पदवी दुसऱ्या कुठल्या फळाला मिळालेली नाही; आंब्याला राजा म्हणून भागवलं आहे. तर हा हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, सगळं सहाणेवर उगाळायचं आणि प्रत्येकाचे वेढे ठरलेले. जायफळाचा वेढा जास्त झाला की बाळ गाढ झोपतं, आणि बाळ इतका वेळ झोपलंच कसं म्हणून अख्खं घर त्याच्या नाकाशी बोट धरून बसतं.

पण घरी येणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, यांनी ठणकावून सांगितलं होतं की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. डोळ्यांत काजळही नाही. डॉक्टरही तेच म्हणाले. आशाताईंचं बरोबर होतं आणि सासूबाईंना ते कळलंही होतं. पण गुटी उगाळून झाली होती. त्यांनी एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा आशाताईंकडे, आणि चाटण स्वतःच चाटून टाकलं. "वाया कशाला घालवायची? मलाबी पोटाचा त्रास हायेच की."

वहिनींनी तिकडे उशीखाली एक रुमाल ठेवला होता. इटलीत अठराव्या शतकात जेरार्ड नावाचे एक साधे धर्मबंधू होते, मूळचे शिंपी. एका घरी ते रुमाल विसरले, मुलगी मागे धावत द्यायला गेली तर म्हणाले, असू दे, तुला कधीतरी लागेल. पुढे तिच्या बाळंतपणात जिवावर बेतलं तेव्हा तिने तो मागवून घेतला आणि दोघं वाचली, अशी कथा आहे. तेव्हापासून गरोदर बाया त्या संताचा धावा करतात. आमच्याकडे पाचवीच्या रात्री सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ती येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. माझ्या वेळी सासूबाई रात्री उठून पेन हातावर ओढून बघत होत्या. "शाई नसंल तर काय लिहील ती?"

हे सगळं पाहून माझं एक मत झालं आहे. बहुतेक युक्त्या मुलाला लागू पडत नाहीत, त्या आईला लागू पडतात. तापलेलं मूल उशाशी असताना सगळ्यात अवघड काम म्हणजे काही न करता बसणं. औषध द्यायचं ते देऊन झालेलं असतं, ताप उतरायचा तेव्हाच उतरणार असतो. मधल्या वेळात हातांचं काय करायचं? सासूबाई मीठ-मोहरी ओवाळून टाकतात. वहिनी जपमाळ घेतात. दहा-दहा मण्यांचे पाच टप्पे, बोटांना पुरेसं काम. मी कपाट आवरते. मुलाचे छोटे झालेले स्वेटर घड्या मोडून पुन्हा घड्या घालते आणि थर्मामीटरकडे बघायचं टाळते. तिघींपैकी कुणाची पद्धत शास्त्रीय आहे, हे विचारायला कुणी येऊ नये. डॉक्टरांकडे नेलंय ना, मग पुरे.

सप्टेंबरात आम्ही लेण्याद्रीला गेलो. तीनशेच्या आसपास पायऱ्या, कडेवर वहिनींची मुलगी, जी सपाटीवर धावते आणि पायरी दिसली की तिचे पाय दुखतात. वर बौद्ध लेण्यांमधल्याच एका लेण्यात गणपती आहे, गिरिजात्मज. पार्वतीने मुलगा व्हावा म्हणून इथे बारा वर्षं तप केलं, असं सांगतात. वहिनी म्हणाल्या, याच दिवसांत वांद्र्याला मोत माऊलीची जत्रा असते. मूल हवं असणाऱ्या बाया तिथे मेणाचं बाळ वाहतात. कुणाचा पाय दुखत असेल तर मेणाचा पाय. सासूबाई धापा टाकत पायरीवर बसल्या होत्या. "मग खालीच विकायला ठेवायचे की दोन पाय," त्या म्हणाल्या, "मी घेतले असते."

एक युक्ती मात्र आमच्याकडे कुणी वापरत नाही. इतर गावांत आया पोरांना बागुलबुवाचं भय घालतात. आमच्या उसात खरोखरीचा बिबट्या राहतो, त्यामुळे खोटं सांगायची सोय राहिलेली नाही. अंधार पडायच्या आत घरात, एकट्याने बाहेर जायचं नाही, शौचालयाचा दिवा लावल्याशिवाय दार उघडायचं नाही, पिकात वाकून बसायचं नाही, शेतात जाताना मोबाइलवर गाणी मोठ्याने लावायची. या सल्ल्यांवर सुना-सासवांचा वाद होत नाही आणि त्यांच्यावर विनोदही होत नाही. लेकरं गेलेली घरं आहेत या भागात.

तरी पोरांना हाक मारून आत आणणं हा रोजचा तमाशाच. आमच्या जवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. कुठल्या कुठल्या दीर्घिकांतून निघालेल्या क्षीण लहरी तिला पकडता येतात. तिच्याच परिसरात वाढलेल्या माझ्या मुलाला ओट्यावरून मारलेली "जेवायला ये" ही हाक मात्र ऐकू जात नाही.

वहिनी नवीन होत्या तेव्हा ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली होती. माणिकडोहच्या निवारा केंद्रातले लोक आणि वनखात्याची माणसं आली, पिल्लं तपासली आणि संध्याकाळी सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून लांब जाऊन बसली. रात्री मादी आली, क्रेट पाडला आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली. वहिनींना हे ऐकून झोप आली नाही. निम्मी भीती, निम्मी माया. सकाळी कुंपणावर येऊन विचारतात, "ताई, तिने त्यांना मोजलं असेल का हो?" सासूबाईंनी आतून उत्तर दिलं, "न मोजता कुठली आई झोपती?"

सासूबाईंची सध्याची मोजणी एकाने चुकते. माझा थोरला पुण्याला होस्टेलवर आहे आणि घरी फोन करत नाही. परवा वहिनींनी धीर द्यायला म्हणून संत मोनिकांची गोष्ट सांगितली. सोळाशे वर्षांपूर्वीची आफ्रिकेतली आई. मुलगा ऑगस्टीन हुशार पण वाह्यात. आईला थाप मारून रातोरात जहाजाने रोमला पळाला. ती त्याच्या मागोमाग समुद्र ओलांडून मिलानपर्यंत गेली, सतरा वर्षं रडून प्रार्थना करत राहिली आणि शेवटी तो ताळ्यावर आला. इतका, की स्वतःच मोठा संत झाला. सत्तावीस ऑगस्टला आईचा सण, अठ्ठावीसला मुलाचा.

"सण बी आईच्या मागनंच का?" सासूबाई म्हणाल्या. मग हिशेबाला लागल्या. "पार्वतीला बारा वर्षं. तुमच्या बाईला सतरा. मला एवढा येळ नाय. फोन लाव गं त्याला."

लावला. त्याने उचलला नाही. मग वहिनींच्या मुलीने आजीला आवाजी निरोप कसा पाठवायचा ते दाखवलं, आणि सासूबाईंनी बटणावर बोट दाबून धरलं ते सोडलंच नाही. रात्री उशिरा खाऊ नको. डोक्याला तेल लाव. ओले मोजे घालू नको. पांघरुणातून पाय बाहेर काढू नको. काही हरवलं तर त्या अंतोनीला सांग, तो आपला माणूस आहे. आणि गाडीवर बसताना टोपी घाल.

"हेल्मेट, आजी," मुलगी म्हणाली.

"तेबी घाल," सासूबाईंनी फोनला सांगितलं.