म्हशीपुढे वाचलं गाऱ्हाणं

धारहून मांडूला निघालेल्या माणसाला नालछा लागतो, पण दिसत नाही. त्याचं चित्त आधीच रूपमतीच्या महालात जाऊन बसलेलं असतं, हातात भाजलेलं कणीस असतं आणि ते अर्धं होईतो गाव मागे पडलेलं असतं. त्याने नालछा पाहिला नाही तरी नालछ्याने त्याला पाहिलेलं असतं. विशेषतः रस्त्याकडेच्या झाडांवर बसलेल्या वानरांनी.

ही काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं. ऊठसूट अंगावर धावून येणं त्यांना शोभत नाही. ती आधी माणूस पारखतात. एकदा पुण्याकडचं एक कुटुंब गाडी थांबवून उतरलं. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि नातू, प्रत्येकाच्या हातात कणीस. एक थोराड वानर खाली आलं आणि वधूपरीक्षेला आल्यासारखी त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. मुलाने छत्री उगारली होती, तो बाद. नातवाचं कणीस सगळ्यांत मोठं, पण त्याच्या आईचे डोळे वानरावर रोखलेले, तोही बाद. आजोबांनी कणीस पाठीमागे लपवलं होतं, म्हणजे त्यांचा जीव त्यात अडकला होता. वानर जाऊन बसलं ते थेट आजींसमोर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. आजींनी आधी नमस्कार केला, मग स्वतःचं कणीस दिलं, आणि मग ‘‘मारुतीराय आलेत, बघतोस काय?’’ असं म्हणून मुलाच्या हातातलंही काढून दिलं. छत्रीसकट मुलगा बघत राहिला.

मारुती कोण हे त्या वानराला ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे, की अशा चेहऱ्याची, अशा पातळातली, असे हात जोडणारी बाई देते. बालीतल्या उलुवातूच्या देवळातली माकडं याच्याही पुढे गेली आहेत. ती भाविकांचे चष्मे नि फोन पळवतात आणि खाऊ मिळाला की परत करतात. त्यातली वयाने मोठी, मुरलेली माकडं तर कुठल्या वस्तूवर माणसाचा जीव जास्त आहे हे ओळखून त्या हिशेबाने खाऊ मागतात, असं संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलं. आमची नालछ्याची वानरं अजून ओलीस धरण्यापर्यंत आलेली नाहीत. त्यांचं श्रद्धेवर भागतं.

जनावर माणसाकडे बघतं आणि माणूस आपल्याच मनात बघत असतो, हे माझं मत बनायला हा मुलूख फार सोयीचा पडला. जहांगीर बादशहाचंच घ्या. १६१७ साली तो मांडूला काही महिने मुक्काम ठोकून होता. त्या मुक्कामात नूरजहानने हत्तीवरच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ पाडले. बादशहा इतका खूश झाला, की बेगमेवरून मोहरा उधळल्या. पण हा गृहस्थ नुसता नवरा नव्हता, निरीक्षकही होता. आठवणींत त्याने आवर्जून लिहून ठेवलं आहे, की वाघाचा वास आला की हत्ती एका जागी उभा राहत नाही, त्यामुळे अंबारीतून नेम धरणं फार कठीण. म्हणजे बेगमेने वाघ बघितले, बादशहाने बेगम बघितली आणि हत्ती बिचारा पाठीवरचे सगळे सोडून एकटाच शहाण्यासारखा विचार करत होता. याच बादशहाने लैला-मजनू नावाची सारसांची जोडी पाळली होती. त्यांची मीलनाची चिन्हं दिसताच वर्दी देण्याचा हुकूम होता. एके दिवशी पहाटे वर्दी आली, तेव्हा हिंदुस्थानचा शहेनशहा उठून धावत बघायला गेला. पुढे अंडी, नर-मादीच्या पाळ्या, सगळं त्याने टिपून ठेवलं. माणसांच्या दरबारात एवढं लक्ष घातलं असतं, तर पुढे पोराने बंड केलं ते आधी कळलं असतं.

त्यानंतर दोनशे वर्षांनी कंपनी सरकारचा अधिकारी जॉन माल्कम आला. माळव्याची घडी बसवताना उन्हाळ्यात राहायला म्हणून त्याने नालछ्यातला एक पडका महाल डागडुजी करून घेतला. आत वाघीण पिल्लांसह राहत होती, तिला हुसकावलं आणि मग साहेब राहायला आला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट सांगणाऱ्याचा रोख साहेबाच्या धैर्यावर असतो. मला मात्र वाघिणीचं कौतुक वाटतं. दगडी भिंती, उन्हाळ्यात गारवा, पाणी जवळ. जागा निवडताना दोघांची डोकी अगदी सारखी चालली. फरक एवढाच, की पुढे मुंबईचा गव्हर्नर वाघिणीला कुणी केलं नाही.

पण खरी जाणकार म्हणावी तर नालछ्यातल्या माझ्या आत्याची म्हैस. तिचं नाव चांदणी, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून. आत्या आमच्याशी मराठी बोलते, दुकानदाराशी हिंदी आणि चांदणीशी माळवी. आतोबा निवृत्त शाळामास्तर. ते तिघांशीही मराठीच बोलतात, तेही परिपाठाच्या आवाजात.

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इंदूरला ठरलं आणि दूध काढायचं काम आतोबांवर आलं. ‘‘त्यात काय मोठंसं,’’ असं म्हणून ते बादली घेऊन बसले. चांदणीने पान्हा चोरला. आतोबांनी सडांना तूप लावलं, कास कोमट पाण्याने धुतली, पुढ्यात सरकी-ढेप ठेवली. तिने ढेप खाल्ली आणि रवंथ करत गेटाकडे बघत उभी राहिली.

याला शास्त्र आहे. म्हशीच्या कासेत तळाला आयतं साचलेलं दूध अगदी थोडं असतं. बाकीचं वर बारीक बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं आणि ते खाली यायला मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा स्राव सुटावा लागतो. रेडकू ढुशी देतं, ओळखीचा हात लागतो, बादलीचा ओळखीचा आवाज येतो, तेव्हा तो सुटतो. परका माणूस दिसला, भीती वाटली, की अडतो. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना खाणं पुढे यायच्या आतच, नुसत्या रोजच्या माणसाच्या चाहुलीनं लाळ सुटायची, त्याच जातीचं हे प्रकरण. पाव्हलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं. आतोबांना पावशेरही मिळालं नाही.

शेजारची बाई कुंपणापलीकडून हे बघत होती. ती म्हणाली, ‘‘मास्तर, बाईचं लुगडं नेसा.’’ आतोबांनी तिच्याकडे आयुष्यात कधी टाकला नसेल असा कटाक्ष टाकला. पण चहाला दूध नव्हतं. संध्याकाळी गोठ्याचं दार लावून, दोन्ही खिडक्यांवर पोती टाकून ते आत्याचं हिरवं लुगडं गुंडाळून बसले. चांदणीने मान वळवली, लुगडं हुंगलं, मग आतोबांच्या मिशा न्याहाळल्या आणि शेपटीचा एक फटका त्यांच्या चष्म्यावर दिला. मग बांगड्या झाल्या. बांगड्या मनगटात शिरेनात म्हणून बादलीच्या कडीला बांधून वाजवून झाल्या. चांदणीचे कान तेवढे हलले.

‘‘बाई दूध काढताना बोलत असते,’’ बंद दाराबाहेरून शेजारीण म्हणाली.

‘‘काय बोलते?’’

‘‘तुमचंच.’’

आत थोडा वेळ सामसूम. मग आतोबांनी घसा खाकरला आणि म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून आपल्याच पत्नीच्या तोंडची, स्वतःबद्दलची गाऱ्हाणी सांगायला सुरुवात केली. ओला पंचा पलंगावर टाकतात. चार वेळा चहा लागतो, पण कप विसळायला हात मोडतात. पेन्शन आली की आधी पुस्तकं. आवाज आत्याचा नव्हता, पण सूर तोच. हळूहळू दम वाढवत जाणारा, मधेच एक सुस्कारा टाकणारा. चांदणीचं रवंथ थांबलं. पंच्यापाशी सडांत थेंब आला. चहापाशी दोन धारा. नणंदेच्या लग्नात आत्याच्या माहेरच्यांना आहेर कमी पडला होता, तो विषय निघाला आणि बादलीत फेस चढला. शेवटी नाइलाजाने आतोबा स्वतःच्या आईच्या स्वभावावर आले, तेव्हा म्हशीने उरलं-सुरलं सगळं सोडलं.

हा प्रकार त्यांनीच मला सांगितला, दार लावून. म्हशीची कमाल त्यांना वाटतच होती, पण मला दुसऱ्याच गोष्टीने चकित केलं. आतोबा कुणाचं ऐकत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. आत्या बोलायला लागली की ते वर्तमानपत्र उघडतात. एवढ्या वर्षांत एका गाऱ्हाण्याला त्यांनी ‘हं’च्या पलीकडे उत्तर दिलेलं नाही. आणि तरी सगळं पाठ! क्रमासकट, सुस्काऱ्यासकट. कान बंद ठेवून माणसाच्या डोक्यात एवढं शिरतं कसं? मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘मी ऐकत नव्हतो. ते आपलं येत होतं.’’

न कळत आत येणं आणि न कळत बाहेर जाणं, यावरचा मोठा तमाशा बर्लिनमध्ये झाला होता. हान्स नावाचा एक घोडा. त्याचा मालक फॉन ओस्टेन, हाही मास्तरच. घोडा खुराने टापा देऊन बेरजा, अपूर्णांक, तारखा सांगायचा. १९०४ साली त्याची चौकशी करायला समिती बसली, तिच्यात प्राध्यापकांच्या बरोबरीने एक सर्कसवालाही होता. समितीने निर्वाळा दिला, लबाडी नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या माणसाने शोध लावला, की प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर येत नसेल तर घोड्यालाही येत नाही. घोडा गणित करत नव्हता, माणूस वाचत होता. बरोबर टाप पडली की विचारणाऱ्याची मान केसभर हलायची. तेवढ्यावर हान्स थांबायचा. गंमत पुढेच आहे. हे गुपित कळल्यावरही, मान हलवायची नाही असं ठरवून बसलेल्या फुंग्स्टची मान हलायचीच. मग तो स्वतःच घोडा झाला. लोकांना मनात आकडा धरायला सांगायचा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत टेबलावर टकटक करायचा. बहुतेकांच्या आकड्यावर बरोबर थांबला. फॉन ओस्टेनला मात्र हे शेवटपर्यंत पटलं नाही. घोड्याला गणित येतं, यावर तो ठाम राहिला.

आपल्याकडे समिती नेमावी लागली नसती. गुबुगुबु वाजवत नंदीबैलवाला दारात आला, की ‘‘पाऊस पडेल का?’’ला बैल होकाराची मान डोलावतो आणि ‘‘सासूबाई आवडतात का?’’ला नकाराची. हे त्याला कोण शिकवतं ते पोराटोरांनाही ठाऊक असतं, आणि तरी दारातली बाई मुलाच्या नोकरीचा प्रश्न त्याला विचारतेच. बैलाने होकार दिला की सूपभर धान्य देते. बैल तिला फसवत नाही, नंदीवालाही फारसा फसवत नाही. तिला जे हवं आहे ते ती बैलाच्या मानेवर ठेवते आणि परत उचलून घेते.

आणि मनातलं बाहेर ठेवायची सवय किती पक्की असते, त्याचा पुरावा आपल्या शेजारच्या देवासात आहे, तोही एका इंग्रज साहेबाने लिहून ठेवलेला. ई. एम. फॉर्स्टर हा कादंबरीकार १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव होता. त्या काळची पत्रं नि आठवणी त्याने १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापल्या. त्यात एक क्षिप्राकाठचा प्रसंग आहे. बरोबरचे गावकरी एकदम थांबले आणि पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून ओरडले, साप! साहेबाने पाहिलं, तर काहीतरी काळं, फणा काढल्यासारखं ताठ उभं. त्याने भीत भीत म्हटलं, हे मला वाळलेलं झाड वाटतंय. छे छे, म्हणाले सगळे. लगेच सापाची जात ठरली. नाग नव्हे, पण भयंकर तापट. डूख धरणारा. याला गोळी घातली, तर तो माग काढत काही दिवसांनी थेट देवासपर्यंत येईल. मग त्याला हलवायला म्हणून सगळ्यांनी नदीपार दगड भिरकावले. एक दगड बुडख्याला लागला, तरी साप जागचा हलेना. तो वाळलेल्या झाडाचा खुंट होता. गावकरी पोट धरधरून हसले.

वेदान्ती मंडळी दोरीवर साप बघतात, पण त्यांना निदान अंधार लागतो. इथे लख्ख उजेड होता, एवढे साक्षीदार होते आणि प्रत्येकाला साप तर दिसलाच, त्याचा स्वभावही दिसला. फॉर्स्टरने हा प्रसंग ‘अ पॅसेज टू इंडिया’त वापरला, पण जरा फिरवून. कादंबरीत दुर्बीण लावून खुंट सिद्ध झाल्यावरही गावकरी साप सोडायला तयार होत नाहीत. मला स्वतःला पत्रातलेच गावकरी जास्त पटतात. खात्रीने साप बघणारे आणि तेवढ्याच खात्रीने स्वतःला हसणारे.

परवा नालछ्याला गेलो होतो. आत्याचा डोळा आता लख्ख झाला आहे आणि चांदणीही पूर्ववत तिच्याच हाताला पान्हवते. आतोबा गोठ्याकडे फिरकत नाहीत. पण धारेच्या वेळी ते हल्ली वर्तमानपत्र घेऊन मुद्दाम मागच्या ओट्यावर बसतात, असं मला दिसलं. पान काही उलटत नव्हतं. आत्या दूध काढत होती तेव्हा मी तिला ही सापाची गोष्ट सांगितली. साहेब, महाराज, दगड, खुंट, सगळं नीट सांगितलं. ती हसली नाही. बादली बाजूला ठेवून पदराने हात पुसत म्हणाली, ‘‘मग आला का तो देवासला?’’

‘‘अगं आत्या, तो खुंट होता! झाडाचा!’’

‘‘ते कळलं रे. दगडाचं एक वेळ विसरेलही तो. पण एवढी सगळी माणसं त्याच्या तोंडावर हसली ना!’’

चांदणीने मान डोलावली.