निर्जंतुक आणि निर्मनुष्य

कोरोनाने शिकवलेले बहुतेक धडे आपण विसरलो, पण एक मात्र हाडीमासी खिळला: काहीतरी फवारलं की पुण्य लागतं. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला चक्क पत्रक काढावं लागलं होतं, की बाबांनो, माणसांवर जंतुनाशक फवारू नका. माणसं वाचली. मग फवारणाऱ्यांचा मोर्चा खोल्यांकडे वळला आणि तिथे त्यांना ओझोन भेटला.

ओझोनची वट मोठी. शाळेच्या प्रत्येक चित्रकला स्पर्धेत तो पृथ्वीवर छत्री धरून उभा असतो. १६ सप्टेंबरला त्याचा जागतिक दिवस. तुळस ओझोन सोडते, हा फॉरवर्डही घरोघरी पोचलेला. बिचाऱ्या तुळशीला याचा पत्ता नाही. एवढा सज्जन आपल्या क्लबहाउसात येतोय म्हटल्यावर नको कोण म्हणणार? मात्र काही नातेवाईक परदेशी असतात तोवरच प्रेमळ वाटतात, तसं याचं आहे. वीस-तीस किलोमीटर वर असला की तो उन्हातले अतिनील किरण अडवतो. खाली आला की छातीत बसतो, खोकला काढतो, दमेकऱ्याला जेरीस आणतो.

आमच्या सोसायटीत ओझोन सोडणाऱ्या यंत्राचं प्रात्यक्षिक झालं. वर मूठ, पुढे टायमरची खुंटी, मागे पंखा आणि आत निळसर ठिणग्या उडवणारी एक पट्टी, असा तो पत्र्याचा डबा. विक्रेता टाय लावून आला होता. ‘‘एकदम नॅचरल आहे सर. वीज कडाडल्यावर हवेला जो फ्रेशनेस येतो ना, तोच.’’

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी विचारलं, ‘‘मशीन चालू असताना आम्ही आत बसायचं का?’’

‘‘नाही मॅडम, माणसं बाहेर. कुंड्या बाहेर. पोपट असेल तर आधी पोपट.’’

‘‘आणि नंतर?’’

‘‘नंतर दारं-खिडक्या सताड उघडायच्या, पंखे लावायचे, हवा खेळू द्यायची.’’

‘‘म्हणजे शेवटी खिडक्याच उघडायच्या?’’

‘‘हो, पण सॅनिटाइज करून!’’

सभेने टाळ्या वाजवल्या. खिडकी फुकट उघडते, तिला वॉरंटी नाही, एएमसी नाही. अशा वस्तूवर सुशिक्षित माणसाने विश्वास ठेवायचा तरी कसा?

काकूंचं दुखणं साधं होतं. अमेरिकेत कामगारासाठी आठ तासांची मर्यादा ०.१ पीपीएम, म्हणजे कोटी भाग हवेत एक भाग ओझोन. एवढ्याशाने जंतूंच्या केसालाही धक्का लागत नाही. हवेतल्या जंतूंचा नीट बंदोबस्त करायचा तर आरोग्याच्या मर्यादेच्या पाच ते दहा पट ओझोन लागेल, असं तिथलीच पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. थोडक्यात, आपल्याला सोसेल तेवढ्याने जंतू मरत नाहीत आणि जंतू मरतील तेवढा आपल्याला सोसत नाही. कॅलिफोर्नियाने तर २०१० पासून ०.०५ पीपीएमच्या वर ओझोन सोडणारे घरगुती हवाशुद्धीकारक विकायलाच बंदी केली. आपल्याकडे मात्र ‘फॅमिलीसोबत चोवीस तास चालवा’ असं छापलेलं यंत्र प्लगात खोचायचं आणि शेजारी बाळाचा पाळणा टांगायचा.

ओझोन निकामी आहे असं मुळीच नाही. फ्रान्समधल्या नीस शहराने १९०६ सालीच त्याला पिण्याच्या पाण्याच्या कामाला लावलं, आणि बाटलीबंद पाण्यातही तो इमानेइतबारे राबतो. रिकाम्या खोलीतला सिगारेटचा वासही तो मारतो. फक्त त्याला एकांत लागतो.

यंत्र अर्थातच आलं. व्यायामशाळेतले रबरी पट्टे ताणले की तडकू लागले, कारण ओझोन रबराला खातो. ‘चायना माल’ म्हणून नवे मागवले गेले, तेही त्याच वाटेने निघाले आहेत. साफसफाईच्या मावशी आधी लिंबाच्या वासाचं फ्लोअर क्लीनर फिरवतात, मग यंत्र लागतं. त्या वासातलं लिमोनीन आणि ओझोन यांची गाठ पडली की फॉर्माल्डिहाइड तयार होतं. शवागारातलं फॉर्मेलिन म्हणजे तेच, पाण्यात विरघळवलेलं. ‘‘आता कसं हॉस्पिटलसारखं वाटतंय!’’ असं अध्यक्ष म्हणाले, आणि यावेळी ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते.

बाहेरच्या हवेत वाहनांचा धूर आणि रणरणतं ऊन मिळून हाच वायू रोज तयार करतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मानकांत तो प्रदूषक म्हणून बसला आहे: आठ तासांची सरासरी, घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, त्यापुढे नको. काकूंनी हे वार्षिक सभेत वाचून दाखवलं. खजिनदारांनी नम्रपणे निदर्शनास आणलं, की बाहेरचा ओझोन अनधिकृत आहे; आपल्याकडे जीएसटीचं बिल आहे.

सध्या लिफ्टशेजारी नोटीस लागली आहे: ‘हवा शुद्धीकरणासाठी क्लबहाउस दर रविवारी सकाळी बंद राहील. प्राणायामाचा वर्ग तळघरातल्या पार्किंगमध्ये भरेल. सभासदांनी गाड्या त्या वेळेतच गरम करून घ्याव्यात, नंतर तिथे मुलांची स्केटिंग आहे.’