ट्रॅक्टर-निवड: प्राथमिक मार्गदर्शिका, खास कोकणात जमीन घेतलेल्यांसाठी

अभिनंदन. कुडाळ-कणकवलीच्या पट्ट्यात, महामार्ग सोडून बरंच आत गेल्यावर, तुमची सात एकर जमीन आहे. थोडा काजू, त्याहून थोडा हापूस आणि बाकी सगळं रान. दलालाने तिचं वर्णन 'हलका उतार' असं केलं होतं. घरी तुम्ही तिला 'फार्म' म्हणता. गावात तिचं नाव 'पुणेकाराचो डोंगर' असं पडलं आहे आणि ते आता बदलणार नाही. 1948 च्या कूळकायद्याच्या 63 व्या कलमातून तुम्ही शेतकरी म्हणून कसे पार पडलात, हा विषय या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.

आता तुम्हाला ट्रॅक्टर हवा आहे. कशासाठी, हे सध्या कोणी विचारू नये. सात एकरांत ट्रॅक्टर लागतो की नाही याचं उत्तर ट्रॅक्टर घेतल्यावरच मिळतं, आणि तोवर हप्ते सुरू झालेले असतात.

पायरी पहिली: टेप घ्या

शोरूमला जाण्याआधी पाणंदीत जा. पाणंद म्हणजे दोन गडग्यांमधली ती वाट, जिच्यातून बैलगाडीसुद्धा अंग चोरून जायची. तिची रुंदी चार ठिकाणी मोजा. गडगा रचलेल्या दगडांचा असतो, त्यात चुना-सिमेंट नसतं, आणि पन्नास पावसाळे खाऊन तो मधोमध पोट काढून बसलेला असतो. म्हणून जमिनीलगत मोजू नका, कमरेच्या उंचीवर मोजा. मिनी ट्रॅक्टरची रुंदी साधारण तीन ते चार फूट असते. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. मग ट्रॉली मोजा. ती ट्रॅक्टरपेक्षा रुंद असते आणि वळणावर आतल्या बाजूला कापत येते, म्हणजे शेजाऱ्याचा गडगा पाडणारी वस्तू ट्रॉली असते आणि बदनाम ट्रॅक्टर होतो.

बेड्याशीही टेप लावा. आडव्या वाशांचं ते फाटक बदलता येतं, पण ज्या दोन चिऱ्यांच्या खांबांत ते बसवलं आहे त्यांतला एक बहुधा शेजाऱ्याच्या हद्दीत असतो. त्याच फेरीत कलमांच्या सगळ्यात खालच्या फांद्यांची उंची घ्या. ट्रॅक्टर त्यांच्याखालून जाईल. त्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्याचं काय, ते वेगळं मोजावं लागतं.

पायरी दुसरी: एचपी

इथे प्रत्येक नवशिक्या थांबतो आणि कित्येक तर कायमचे थांबतात. रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघितले जातात. महिंद्रा युवराज 215 आणि स्वराज 717 ही पंधरा एचपीच्या घरातली, एका सिलिंडरची, मागच्या दोन चाकांवर चालणारी जोडगोळी. जरा वर गेलं की महिंद्राचा जिवो 245 आणि कुबोटाचा निओस्टार बी 2441, दोन्ही चोवीस एचपीचे, चारी चाकांना जोर देणारे. महिंद्राने 15 ऑगस्ट 2023 रोजी थेट केपटाउनला जाऊन 'ओजा' नावाची हलकी मालिका जाहीर केली, तीही तुमच्या यादीत शिरेल.

तर एचपीबद्दल एवढंच: माहितीपत्रकावरचा आकडा इंजिनचा असतो. मागच्या पीटीओ शाफ्टला, म्हणजे जिथून पंप किंवा गवत कापायचं यंत्र फिरतं तिथे, त्याहून कमी पोचतो. दोन ट्रॅक्टरांची तुलना करायची तर पीटीओचा आकडा विचारा. विक्रेता क्षणभर तुमच्याकडे आदराने बघेल. तो क्षण उपभोगा, कारण पुढचे सगळे प्रश्न त्याचे असतील.

खरी गोम वेगळीच आहे. माहितीपत्रकात 'बागेसाठी खास' असं छापलेलं असतं आणि चित्रात ट्रॅक्टर दोन ओळींमधून ऐटीत निघालेला असतो. ती बाग द्राक्षाची आहे. महाराष्ट्रात अरुंद ट्रॅक्टर खपतो तो मुख्यतः नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांमुळे, आणि त्यांची जमीन सपाट, ओळी सरळ, माती भुसभुशीत. तुमच्याकडे ओळ म्हणजे आजोबांच्या काळात कोणीतरी जिथे खड्डा खणता आला तिथे लावलेली कलमं, आणि माती म्हणजे जांभ्याच्या सांदीत जी काय अडकली असेल ती. त्यामुळे 'नाशिकला आमची इतकी गाडी चालते' या वाक्यावर आनंदाने मान डोलवा आणि पुढच्या पायरीकडे या.

पायरी तिसरी: उतार

ट्रॅक्टर चढेल का, हा प्रश्न सगळेच विचारतात. गावातला कोणताही जुना मेस्त्री तुम्हाला दुसरा प्रश्न विचारेल: "ह्यो वर जायत. पण खाली कसो येतलो?"

चारचाकी जोर घ्या. या एका बाबतीत काटकसर नको. फोर व्हीलमुळे चढायला मदत होते हे खरं, पण उतरताना गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन पुढच्या चाकांनाही धरून ठेवतं, हा फायदा त्याहून मोठा. पहिल्या पावसानंतर तांबडी माती साबणासारखी होते तेव्हा नुसत्या मागच्या चाकांचा धर सुटायला वेळ लागत नाही. उतारावर क्लच दाबू नये. गाडी चालवणाऱ्या शहरी पायाला घाबरलं की क्लच दाबायची सवय असते, ती आधी मोडा. क्लच दाबला की इंजिनाचा धर सुटला, आणि मग तुम्ही, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीतले चिरे असे तिघेही एकाच दिशेला निघता.

ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. शेतात जागच्या जागी वळायला हे फार कामाचं. रस्त्यावर किंवा उतारावर मात्र दोन्ही पेडल पट्टीने जोडून ठेवायचे, नाहीतर घाईत एकावरच पाय पडतो आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. डिफरन्शिअल लॉक आहे का ते बघा. एक चाक हवेत गरगरतं आणि दुसरं ढिम्म उभं, अशा वेळी तो दोघांना एकत्र फिरवतो. वळताना तो सोडायचा असतो.

मागच्या टायरांत पाणी भरून घ्या, साधारण तीन-चतुर्थांशापर्यंत. वजन खाली बसतं, पकड वाढते. थंड देशांत हे पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळावे लागतात. कुडाळात ती काळजी नाही. आडव्या उतारावर, म्हणजे डोंगराला समांतर, ट्रॅक्टर नेऊ नये. सरळ वर किंवा सरळ खाली. जिथे फारच तीव्र चढ आहे तिथे रिव्हर्सने वर जावं, कारण मग जड बाजू चढाकडे राहते.

मध्येच एक सूचना: ओंडका

ही पायरी नाही, पण इथे हसू बाजूला ठेवा.

वादळात एक आईन पडला आहे. दोर आहे, ट्रॅक्टर आहे, रविवार आहे. तुम्ही दोर कुठे बांधाल? नवशिक्याच्या हाताला जे उंच आणि सोयीचं दिसतं तिथे: सीटच्या मागच्या वरच्या खुंटीला किंवा थेट अॅक्सलला. ओंडका कशात तरी अडकलेला असतो. मागची चाकं फिरायला बघतात, फिरू शकत नाहीत, आणि मग इंजिनाचा जोर चाकांऐवजी ट्रॅक्टरच्या धडालाच मागच्या अॅक्सलभोवती फिरवतो. पुढची चाकं उचलली जातात. ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर यायला एक-दोन सेकंद पुरतात. 'उडी मारीन' असं प्रत्येकाला वाटतं, पण तेवढा वेळ नसतो.

म्हणून ओढायचं ते फक्त खालच्या ड्रॉबारला बांधून, लो गिअरमध्ये, क्लच हळू सोडत. अडलं तर थांबायचं, ओंडका कापून लहान करायचा. आणि ट्रॅक्टर घेताना चालकाच्या मागे लोखंडी संरक्षक कमान बसवता येते का ते विचारायचं. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांना ती नसते. फांद्यांखालून जाण्यासाठी दुमडती कमान मिळाली तर उत्तम. कमान उभी असताना सीटबेल्ट लावायचा, दुमडलेली असताना मुळीच लावायचा नाही. कमान नसेल तर पट्टा तुम्हाला नेमक्या चुकीच्या जागी बांधून ठेवतो.

हसू परत घ्या. पण तो आईन पडलेला होता म्हणून ठीक. उभा आईन, किंजळ, खैर, फणस, अगदी स्वतःच्या बागेतला आंबासुद्धा, 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत येतो आणि तोडायला परवानगी लागते. 'ट्रॅक्टरने एका दिवसात रान साफ करू' हा बेत वनखात्याच्या कचेरीवरून जातो.

पायरी चौथी: मागे काय जोडायचं

विक्रेता रोटाव्हेटर गळ्यात मारेल. सवलतीत, प्रसंगी जवळजवळ फुकट. घेऊ नका. काजूच्या उतारावर मे महिन्यात माती उकरून ठेवली, तर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस ती जुलैपर्यंत खालच्या व्हाळात नेऊन घालतो. शिवाय झाडाची अन्न शोषणारी मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात. ती नांगरून काढण्यासाठी हप्ते भरण्यात अर्थ नाही.

तुम्हाला लागते ट्रॉली. काजूची पोती, शेणखत, चिरे, पाण्याची टाकी आणि गणपतीत पाहुण्यांचं सामान. पाण्याची टाकी न्यायची तर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी. अर्धी भरलेली टाकी वळणावर स्वतःचं वेगळं मत मांडते. दुसरं लागतं गवत कापायचं यंत्र, कारण दसऱ्यापर्यंत गवत छातीला लागतं आणि जानेवारीत तेच वाळून वणव्याची वाट बघतं. हद्दीलगतचा पट्टा वेळेत साफ ठेवणं हे तुमच्या ट्रॅक्टरचं सगळ्यात मोलाचं काम असेल. तिसरा एचटीपी फवारणी पंप. दापोलीचं कृषी विद्यापीठ मोहोरावरच्या फवारण्यांचं वेळापत्रक देतं, ते सांभाळायचं तर पाठीवरच्या पंपाने हापूसची उंची गाठता येत नाही.

आणि इथे एक गंमत लक्षात येते. फवारताना ट्रॅक्टर वाटेवर उभा असतो आणि लांब नळी घेऊन गडी झाडांपर्यंत जातो. काजूची पोतीही डोक्यावरून वाटेपर्यंत येतात. म्हणजे ट्रॅक्टरला झाडापाशी जायचंच नसतं, त्याला वाट हवी असते. ट्रॅक्टरसाठी काढलेल्या पैशांतून आधी एक जेसीबी दोन दिवस बोलवा, डोंगराला वळसे घालत जाणारी, पाणी काढून देणारा चर असलेली एक बरी वाट पाडून घ्या. मग बघा, निम्मे प्रश्न एचपीचे राहिलेलेच नसतात.

पायरी पाचवी: वाका

शोरूममध्ये सगळे जण बॉनेटकडे बघतात. तुम्ही खाली वाका. हायड्रॉलिकच्या नळ्या, तेलाचा नट, वायरी यांतलं काय उघड्यावर लोंबतं ते पाहा. रानात ग्रास कटरने आणि कोयत्याने झुडपं तिरकी छाटलेली असतात. त्यांचे खुंट गवताखाली दिसत नाहीत आणि टायरला बरोबर सापडतात. सायलेन्सर वर उभा असेल तर फांद्यांत अडकतो. खाली आडवा असेल तर फेब्रुवारीतल्या वाळक्या गवताशी त्याची ओळख होऊ देऊ नका. रेडिएटरची जाळी गवताच्या बियांनी बुजते, ती रोज झाडा.

पायरी सहावी: पैसे

चारचाकी मिनी ट्रॅक्टर पाच-सहा लाखांच्या आसपास जातो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज असतो. पूर्वसंमती येण्याआधी ट्रॅक्टर उचलू नका. रंग कोणताही घ्या, पण जवळचा मेकॅनिक कोणत्या रंगाचे सुटे भाग ठेवतो ते आधी विचारा.

पायरी सातवी: चालवणार कोण

ही खरं तर पहिली पायरी. तुम्ही रविवारी संध्याकाळी पुण्याला परत जाता. सोमवार ते शुक्रवार ट्रॅक्टर ज्याच्या हातात राहणार, त्याला शोरूमला घेऊन जा. तो सीटवर बसेल, गिअर हलवेल, काही बोलणार नाही. परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीवर तो सहज सांगेल की त्याच्या मेव्हण्याकडे असाच आहे आणि तो विकायचा आहे. हा प्रस्ताव हसण्यावारी नेऊ नका. तास दाखवणारा मीटर चालू आहे का, तेल कधी बदललं, क्लच कुठे पकडतो, एवढं तपासा. त्या पाणंदीतून तो ट्रॅक्टर चार वर्षं येतो-जातो आहे, ही हमी कोणतंही शोरूम देत नाही.

मेव्हण्याचाही नको असेल तर भाड्याने बोलवा. तुमच्या सात एकरांचं ट्रॅक्टरजोगं काम वर्षात मोजक्या दिवसांचं असतं. फक्त ते दिवस आणि सगळ्या गावाचे दिवस एकच असतात.

तरीही घेतलातच, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात तो पडवीत लावा, नारळ फोडून झालेला असेलच. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला. वायरींना उंदीर लागतात, म्हणून बॉनेटखाली डांबरगोळ्या ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. आणि चावी पुण्याला नेऊ नका. चतुर्थीच्या आदल्या दिवशी वाडीतल्या कोणाला तरी ट्रॉली लागतेच.