लिंक पोचली, माणूस कधी पोचणार?

रायगड जिल्ह्यातल्या तळा तालुक्यातल्या मुलांना आणखी एक ॲप देऊ नका. ॲपं भरपूर झाली. ‘दीक्षा’ 2017 पासून आहे, बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवता येतात, पाठ्यपुस्तकात धड्याशेजारी क्यूआर कोड छापलेला असतो. एवढं असूनही एखाद्या वाडीवरच्या चौथीतल्या मुलीला संध्याकाळी भागाकार अडला तर ती विचारणार कोणाला, हा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

इंटरनेटवरच्या शिक्षणाची खरी परीक्षा या भागात 2020 साली झाली. मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, तळा, माणगाव, सगळीकडे तेच. कौलं आणि पत्रे उडाले, बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर मुके झाले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आणि त्याच जून महिन्यात राज्याचं नवं शैक्षणिक वर्ष ऑनलाइन सुरू झालं. अभ्यासाच्या लिंका व्हॉट्सॲपवर वेळच्या वेळी निघत होत्या. ज्या घरावर छप्परच उरलं नव्हतं, तिथे त्या कशावर उघडायच्या होत्या?

20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी होती आणि चांगली होती. घर, अंगण, शेत इथूनच शिकवत होती. टीव्हीला डेटा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण टीव्हीला उलटा प्रश्न विचारता येत नाही. इंटरनेटला विचारता येतो, आणि त्याचा तोच एक गुण आपण वापरायचा विसरलो आहोत.

मुलांसाठी शाळेबाहेर चालणारे बहुतेक ऑनलाइन उपक्रम नळाला पाणी सोडावं तसे वरून व्हिडिओ सोडतात. मग मोजतात काय? किती शाळा जोडल्या, किती वेळा व्हिडिओ पाहिला गेला. मुलांनी किती प्रश्न विचारले आणि त्यांतल्या किती प्रश्नांना उत्तर मिळालं, हे मोजायला कोणी बसत नाही. ते मोजलं तर अर्धे उपक्रम बंद करावे लागतील.

‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या 2021 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या 67.6 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. हा आकडा भाषणांत फार चालतो. त्याच पाहणीतला दुसरा आकडा भाषणांत येत नाही. फोन असलेल्या घरांतल्या जवळपास 26 टक्के मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. यात नवल काहीच नाही. फोन बापाचा असतो आणि बाप दिवसभर कामावर असतो. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा चार्जिंग संपत आलेलं असतं, दिवसाचा दीड जीबी उडालेला असतो, आणि दहावीतल्या भावाचा नंबर आधी लागतो. चौथीतली ती मुलगी रांगेत शेवटची. तिच्या वाट्याला येतात ती झोपेआधीची दहा मिनिटं. उपक्रम आखायचा तर या दहा मिनिटांसाठी आखा.

दहा मिनिटांत काय होतं? पुष्कळ होतं. अरविंद गुप्तांचं काम बघा. आयआयटी कानपूरमधून बाहेर पडलेला हा माणूस पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत 2014 पर्यंत टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत बसला आणि सगळं संकेतस्थळावर फुकट ठेवत गेला. पुस्तकं, छोट्या फिती, मराठीतसुद्धा. एकदा उतरवून घेतलं की पुन्हा रेंज लागत नाही. त्यांतलं एक खेळणं म्हणजे शीतपेयाच्या नळीची पिपाणी. नळीचं एक टोक चपटं करायचं, दोन्ही बाजूंनी तिरपं कापून टोकदार करायचं, ओठांत धरून जोरात फुंकायचं. पहिल्या फुंकीला नुसती हवा जाते, दुसरीला थुंकी उडते, मग एकदम पिपाणी ओरडते. आता ती वाजत असतानाच दुसऱ्या टोकाकडून कात्रीने तुकडे पाडत जायचं. प्रत्येक तुकड्यासरशी आवाज चढतो. नळी जितकी आखूड तितकी आतली हवा वेगाने थरथरते, म्हणून स्वर वर जातो.

इथपर्यंत फीत शिकवते. खरी मजा त्यानंतर आहे. कोकणातल्या पोराला नळीची गरजच नाही, परसात पपई आहे आणि पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो वाजवून बघितला की पोरगं विचारतं, याचा आवाज इतका घोगरा का? जाड आहे म्हणून की लांब आहे म्हणून? या क्षणी पलीकडे कोणीतरी हवं. “तू एकाच लांबीचे दोन देठ घे, एक जाड, एक बारीक, आणि मला वाजवून ऐकव,” असं म्हणणारं. वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज जायला फार डेटा लागत नाही. पण तो ऐकून उत्तर देणारा माणूस लागतो. विज्ञान पोचवणाऱ्या संस्थांनी पैसा तिथे घालावा.

माणूस नेटवरून पोचू शकतो याचा अनुभव महाराष्ट्रात आहे. शिक्षणतज्ज्ञ सुगत मित्रा यांच्या कल्पनेतून 2009 मध्ये ‘ग्रॅनी क्लाउड’ सुरू झालं. ग्रॅनी म्हणजे आजी. इंग्लंडमधली निवृत्त, हौशी माणसं स्काइपवरून भारतातल्या मुलांशी बोलू लागली. गोष्ट सांगायची, प्रश्न ऐकायचा, कौतुक करायचं, एवढंच काम. पुढे फलटणला प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवनात मित्रांच्या ‘स्कूल इन द क्लाउड’चं केंद्र झालं. मित्रांचा मोठा दावा, की मुलं शिक्षकाशिवाय आपली आपण शिकतात, मला पटत नाही. शिक्षक पाहिजेच. पण आजीची कल्पना लाखमोलाची आहे. मूल कुणालातरी सांगण्यासाठी शिकतं.

आणि परितेवाडी? माढा तालुक्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी क्यूआर कोड वर्गात वापरून दाखवला, तो राज्याच्या पुस्तकांत गेला, 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. लोकांच्या लक्षात कोड राहिला. व्हिडिओ कॉलवरून त्यांनी आपल्या मुलांना देशोदेशींच्या मुलांसमोर बसवलं, त्या कामाची चर्चा कमी झाली.

आता तळ्याचं बोलू. तळ्याला इंग्लंडच्या आज्या कशाला हव्यात? अर्धं तळं मुंबईत आहे. गावोगावची ग्रामस्थ मंडळं, मुंबई शाखा, पावतीपुस्तकं, वार्षिक सभा. देवळाचा जीर्णोद्धार काढा, सभामंडप काढा, वर्गणी जमते. गणपतीला आणि शिमग्याला गाड्या भरून माणसं येतात. या मंडळांत बँकेतून, पोस्टातून, बेस्टमधून, रेल्वेतून, महापालिकेच्या शाळांतून निवृत्त झालेली माणसं आहेत. सकाळी फिरून आली की दिवस मोकळा. यांच्या हातात स्मार्टफोन आहे, डेटा आहे, हिशेब पक्का आहे आणि बोली गावची आहे. आठवड्यातून एक तास त्यांनी गावच्या शाळेला द्यावा. शाळेच्या वेळात, शाळेच्या फोनवर, शिक्षक समोर असताना. मुलांचे नंबर कोणाला द्यायचे नाहीत, खासगीत फोन करायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. शिकवायचं नाही, तो मास्तरांचा हक्क आहे. वाचून घ्यायचं, पाढे ऐकायचे, पिपाणी ऐकायची.

मुलांकडेही द्यायला पुष्कळ आहे. तालुक्यात कुड्याची बौद्ध लेणी आहेत. राजपुरी खाडीच्या बाजूच्या या डोंगरात ब्राह्मी शिलालेख आहेत, आणि दान देणाऱ्यांत महाभोज या स्थानिक सत्ताधीशांच्या घरातल्या माणसांबरोबर वैद्य आणि माळीही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माळ्याचं दान आपल्या तालुक्यात कोरलेलं आहे, हे सातवीच्या मुलाने फोन फिरवत विदर्भातल्या एखाद्या वर्गाला दाखवावं. तो दाखवायला उभा राहिला की आधी वाचेल, गुरुजींना विचारेल, पाठ करेल. असा अभ्यास कोणत्याच ॲपने होत नाही.

सगळ्यात जास्त गरज मात्र कातकरी वाडीवरच्या मुलांना आहे. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत बसा. मूल तिथे बसलं की नाही हे विचारायला मूळ शाळेतून महिन्याला एक व्हिडिओ कॉल का जाऊ नये? आपल्या बाई, आपला वर्ग, आपल्या बाकावरची मैत्रीण समोर दिसली तर मूल शाळेशी बांधलेलं राहतं. भट्टीवर कुणा एकाच्या फोनला तरी रेंज असते. या कामासाठी नवं काही विकत घ्यायचं नाही. बाईंच्या वेळापत्रकात तेवढी जागा करायची, आणि त्यासाठी रोजच्या ऑनलाइन माहित्या भरण्याचं एखादं काम त्यांच्या डोक्यावरून काढायचं. हे शिक्षण खात्याने करावं. मंडळांना ते करता येणार नाही.

मंडळांना जे करता येतं ते येत्या गणपतीत होऊ शकतं. सभेच्या विषयपत्रिकेवर सभामंडपाच्या विषयाखाली एक ओळ वाढवा: शाळेसाठी आठवड्याला एक तास देणाऱ्यांची नावं. दहा नावं आली तरी एका शाळेचं वर्षभराचं भागतं. मुख्याध्यापकांना सभेला बोलवा आणि पहिला कॉल कोणत्या वर्गाला, कोणत्या वारी लावायचा ते त्यांनाच ठरवू द्या.